काट्याची कसोटी

मराठीत ‘काटा’ या शब्दाला जितकी कामे करावी लागतात, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला करावी लागत असतील. गुलाबाला काटा असतो, माशाला असतो, घड्याळाला असतो. वाटेतला काटा काढतात, आणि प्रसंगी वैऱ्याचाही काढतात. वाणी तराजूच्या काट्याकडे पाहून साखर देतो, आणि मनात आणले तर काटा मारतोही. यांखेरीज आणखी एक काटा आहे. तो अंगावर येतो. आज या शेवटच्या काट्याविषयी चार शब्द लिहावेत असा विचार आहे. कारण नाटकाच्या आणि साहित्याच्या बाजारात सध्या वजन होते ते बहुतेक या एकाच काट्यावर.

पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही आम्हां उपनगरी नाट्यवेड्यांची त्रिस्थळी यात्रा. प्रयोग सुटल्यावर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे, म्हणजे परीक्षणे फुकट ऐकायला मिळतात. पूर्वी तिथे ‘दुसरा अंक ढिला पडला’ किंवा ‘नायिकेचे काम बेतास बात’ असली वाक्ये कानी पडत. आता एकच वाक्य ऐकू येते: ‘अंगावर काटा आला.’ तेच वाक्य पुढल्या रविवारी जाहिरातीत छापून येते, तेच परीक्षणात येते, तेच कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर येते. समीक्षकाने निवाडा द्यायचा, तो आपल्या मनगटावरच्या लवेकडे बोट दाखवून मोकळा होतो. आणि गंमत अशी, की या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करीत नाही.

मला ती करावीशी वाटली याला निमित्त घडले ते एका वाचकमंडळातल्या चर्चेचे. एका नव्या नाटकावर बोलणे चालले होते. जो तो आपापल्या काट्याचा हिशेब सांगत होता. कोपऱ्यात बसलेली कॉलेजातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “सर, मला काही काटा आला नाही. मग मला नाटक कळत नाही असं समजायचं का?” प्रश्न साधा, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रसिकतेचा दाखला कातडीवर मिळतो काय, असे ती विचारीत होती. त्याला उत्तर द्यायचे तर आधी हा काटा म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे.

आपल्या त्वचेत केस सरळ रोवलेला नसतो. वाऱ्याने कललेल्या भाताच्या रोपासारखा तो तिरका असतो. केसाच्या मुळाला वेढणारी जी बारीक पिशवी, तिच्यापासून वर त्वचेच्या पृष्ठभागाजवळपर्यंत एक अतिसूक्ष्म स्नायू तंबूच्या दोरीसारखा तिरपा बांधलेला असतो. लॅटिनमध्ये त्याला ‘अरेक्टर पिली’, म्हणजे केस उभा करणारा, असे सरळसोट नाव आहे. हा स्नायू आखडला की आडवा केस ताठ होतो, स्नायूचे वरचे टोक अडकलेले असते तिथली कातडी किंचित खाली ओढली जाते आणि केसाभोवतीची कातडी टेंगळासारखी वर येते. अशी हजारो टेंगळे एकदम उठली की आपण म्हणतो, काटा आला. तळहाताला आणि तळपायाला केस नाहीत, म्हणून तिथे काटाही नाही.

या स्नायूची खरी खुबी निराळीच आहे. दंडाचा स्नायू आपण सांगू तेव्हा आखडतो. हा आपले ऐकत नाही. त्याला हुकूम येतो तो अनुकंपी तंत्रिकांकडून. छातीची धडधड वाढविणाऱ्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणाऱ्या तंत्रिका त्या ह्याच. मनाला येईल तेव्हा अंगावर काटा आणू शकणारी माणसे जगात आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ३२ जणांची नोंद आहे. पण तो अपवाद. बाकी आपणा सर्वांच्या बाबतीत काटा आणू म्हटल्याने येत नाही आणि येऊ नको म्हटल्याने थांबत नाही. ‘अनुकंपी’ हा शब्द ज्याने योजिला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याबरोबर आपणही कापणे. शरीरशास्त्राच्या परिभाषेत साहित्यशास्त्र असे नकळत येऊन बसले आहे.

माणसाच्या अंगावर हा सरंजाम आला कोठून? तो वडिलोपार्जित आहे, पण इस्टेट गेल्यावर उरलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. दाट केसांच्या प्राण्याने केस उभारले की त्यांत हवा अडकते आणि ऊब टिकते. शत्रूपुढे उभारले तर अंग आहे त्याहून मोठे दिसते. डार्विनने १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला, त्यात क्रोधाने आणि भयाने केस व पिसे उभी राहण्याची उदाहरणे कितीतरी प्राणिमात्रांतून गोळा केली आहेत. आमची लव आता इतकी विरळ झाली आहे, की तिने ऊबही मिळत नाही आणि शत्रूही घाबरत नाही. दोरी उरली, तंबू गेला.

मी राहतो मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. बोरिवलीहून ज्या राष्ट्रीय उद्यानात समोरून शिरता येते, त्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या रानाची पाठ आमच्या बाजूला येते. तिथला बिबट्या कधीमधी आमच्या वस्तीत फेरी मारून जातो. मध्यंतरी एका पहाटे तो आमच्या इमारतीच्या आवारातून गेला, आणि दाराशी बसविलेल्या कॅमेऱ्याने त्याला टिपले. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात आम्ही दहाबारा मंडळी चहा पीत ते चित्र पाहायला बसलो. चित्रात एक कुत्रे होते. भिंतीवरून ती पिवळी सावली उतरताच त्याच्या पाठीवरचे केस शेपटीपर्यंत उभे राहिले आणि ते गाडीखाली शिरले. आमच्याही हातांवर काटा आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, “अगंबाई, पुन्हा लाव रे!” नातवाने पुन्हा लावले, आणि आम्हांला पुन्हा काटा आला.

कुत्र्याचा काटा आणि आमचा काटा यांत स्नायूच्या दृष्टीने तिळमात्र फरक नव्हता. पण कुत्र्याला ‘पुन्हा लाव’ म्हणावेसे वाटले नसते. भय आणि भयानक रस यांमधली जी सीमारेषा शास्त्रकारांनी शेकडो पाने खर्चून आखली, ती आजींनी दोन शब्दांत आखून दाखविली.

या विषयात आपल्या पूर्वसूरींची दृष्टी किती स्वच्छ होती, याचे मला वारंवार नवल वाटते. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. त्यांतल्या रोमांचाची कारणे सांगताना त्याने केवळ हर्ष सांगितला नाही. स्पर्श, भय, थंडी, क्रोध आणि रोग हीही सांगितली. हिवतापात हुडहुडी भरून काटा येतो, हे ज्याला ठाऊक होते तो कवितेने येणाऱ्या काट्याला उगाच देवत्व देणार नाही. आणि तरीही त्याने या आठांना इतर अभिनयापासून वेगळे काढले, कारण हे भाव मन एकाग्र झाल्यावाचून उमटत नाहीत. चित्त दुसरीकडे ठेवून त्यांची नक्कल करता येत नाही. ज्या स्नायूंना आपला हुकूम चालत नाही त्यांचे वर्गीकरण त्याने रंगभूमीवर बसून केले होते.

यातून एक मोठी नाट्यगत अडचण उभी राहते. स्वरभंग शेवटच्या रांगेत ऐकू येतो, कंप दिसतो, अश्रू दिसतात, निदान पुसताना दिसतात. पण नटाच्या अंगावरचा काटा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यालाही दिसत नाही. भरताला हे माहीत होते. म्हणून रोमांच दाखवायचा तर अंग शहारल्यासारखे करावे, आपल्याच गात्रांना स्पर्श करावा, असा उपाय तो सुचवितो. म्हणजे काय, की नाटकात रोमांचाचा अभिनय रंगमंचावर होतो. पण रोमांच स्वतः अंधारात, प्रेक्षकांच्या खुर्च्यांत होतो. प्रेक्षकाच्या अंगाकडे समीक्षकाने पाहावे हे म्हणूनच गैर नाही. रसचर्चेला जुनाट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९४२ साली के. ना. वाटव्यांनी ‘रसविमर्श’ लिहिला आणि १९५५ साली मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ आले. तेव्हापासून आपल्याकडे रसाचे आणि लयीचे दोन तट पडले. एका तटाला वाचकाचे भाव महत्त्वाचे, दुसऱ्याला कलाकृतीची घडण. मला हा वाद काट्यापाशी मिटण्याजोगा वाटतो. काटा वाचकाला येतो हे खरे, पण तो कुठे यावा हे घडण ठरविते.

पण काटा आला म्हणजे काय आले? भगवद्गीता उघडून पाहा. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगावर रोमहर्ष उठतो तो खचलेपणाचा. हातून धनुष्य गळते, तोंड कोरडे पडते, त्याच यादीत रोमहर्ष आहे. अकराव्या अध्यायात त्याच अर्जुनाच्या अंगावर पुन्हा रोमांच येतात, ते विश्वरूपाच्या विस्मयाने. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय हा सगळा संवादच रोमहर्षक म्हणतो, आणि तो आठवून आठवून आपण पुन्हा पुन्हा हर्षित होतो असे सांगतो. एकाच ग्रंथात शब्द एक, स्नायू एक, आणि अर्थ तीन. त्वचेला तिन्ही सारखेच. भेद करायचा तो बुद्धीने.

ज्ञानदेवांनी तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. नवव्या अध्यायाच्या शेवटी त्यांनी संजयाची जी अवस्था रंगविली आहे, ती अष्टसात्त्विकांचे मराठीतले सर्वांत देखणे चित्र असावे. पायांपासून वरपर्यंत जणू रोमांचांचा अंगरखाच त्याच्या अंगावर चढतो. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते त्याच्या शेजारचे चित्र. तेच शब्द, त्याच वेळी, समोर बसलेला धृतराष्ट्रही ऐकतो आहे. त्याच्यावर परिणाम शून्य. पुराच्या पाण्यात निवांत बसलेल्या रेड्यासारखा तो ढिम्म. एका प्रयोगाचे दोन प्रेक्षक! धृतराष्ट्राचे कान शाबूत होते. पण त्याचे सारे चित्त आपल्या मुलांच्या जयापजयात अडकले होते. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक आहे. कुठलाही अडथळा न येता जेव्हा रसाचा प्रत्यय येतो तेव्हा त्याला तो चमत्कार म्हणतो, आणि त्या प्रत्ययातून अंगावर जो कंप, जो पुलक उमटतो त्यालाही चमत्कारच म्हणतो. मन आणि कातडी यांची इतकी जवळीक फार थोड्या तत्त्वज्ञांनी मान्य केली असेल.

अभिनवगुप्ताच्या सात विघ्नांत उपनगरी प्रेक्षकाने दोहोंची भर घालायला हरकत नाही: एक शेजाऱ्याचा मोबाइल आणि दुसरे वातानुकूलन. मुंबईच्या घामट हवेतून आत शिरणाऱ्या माणसाच्या पाठीवर थंड झोत सोडला, की पडदा उघडण्यापूर्वीच त्याच्या अंगावर काटा फुलतो. आमच्या घरी नाटकाच्या तिकिटांबरोबर शाल घेण्याचा शिरस्ता आहे. एकदा मध्यंतरात मी सौभाग्यवतींना सहज विचारले, “काटा आला?” त्या म्हणाल्या, “पहिल्या घंटेपासून आलाय, आता सर्दीही येईल.” ही निव्वळ थट्टा समजू नये. ज्याला आपण कलेचा काटा म्हणतो त्याला पुष्कळदा असाच बाहेरून झोत दिलेला असतो. पार्श्वसंगीताचा अकस्मात दणका, कर्ण्याच्या भिंती, एकदम विझवलेले दिवे. नरकचतुर्दशीला भल्या पहाटे उघड्या अंगाला तेल चोळून घेताना लहानपणी येणारा काटा कोणी उटण्याचा गुण मानीत नाही. तो गारठ्याचा असतो हे पोरालाही कळते. नाटक पाहताना मात्र हा साधा विवेक आपण बाहेर ठेवून येतो.

मग खरा काटा ओळखावा कसा? आजींनी उत्तर दिलेलेच आहे: पुन्हा लावून पाहावा. अचानकपणाने आलेला काटा दुसऱ्या खेपेला अर्धा होतो आणि तिसऱ्या खेपेला येत नाही. घडणीतून आलेला काटा मात्र वाट पाहून येतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. अभिषेकीबुवांचे संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. हे नाटक पाचपाच, दहादहा वेळा पाहणारी माणसे आमच्या ओळखीत होती. कुठली जागा कुठे येणार हे त्यांना पाठ असे, आणि ती येण्याच्या क्षणभर आधीच ती सरसावून बसत. १९७० साली आलेल्या ‘नटसम्राट’चेही तेच. स्वगते प्रेक्षकांना मुखोद्गत, आणि तरी काटा येतो. किंबहुना मुखोद्गत म्हणूनच येतो.

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. माँट्रियलमधल्या संशोधकांनी, आपल्या आवडीचे संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर हमखास शहारे येतात अशा माणसांच्या मेंदूंचे निरीक्षण करून २०११ साली निष्कर्ष मांडले. आवडती जागा येण्याआधी, तिची वाट पाहण्याच्या क्षणांत, मेंदूच्या एका भागात डोपामीन हे द्रव्य स्रवते. आणि प्रत्यक्ष ती जागा आली की दुसऱ्या भागात. सुखाची वाट पाहणे हे सुखाहून वेगळे, आणि तेही एक सुखच. संजयाने ‘आठवून आठवून’ म्हटले त्याचे रहस्य इथे कुठेतरी असावे. आपल्या गूढकथेलाही मी हीच कसोटी लावतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी घरांत दोन पिढ्यांना रात्री दिवा लावून झोपायला लावले. त्यांच्या ज्या कथांत भूत हेच गुपित असते, त्या एकदा वाचून संपतात. पण जिथे ओळखीचे घर, ओळखीची माणसे आणि त्यांच्या मनातली एखादी न बोललेली इच्छा हळूहळू वेगळ्या उजेडात दिसू लागते, तिथे शेवट माहीत असूनही, किंवा माहीत असल्यामुळेच, पहिल्या पानापासून काटा यायला लागतो.

इथे लेख संपविता आला असता. पण काट्याविषयीची माझी खरी धास्ती पुढेच आहे. पुन्हा पुन्हा येणारा काटाही फसवू शकतो. तेंडुलकर, आमच्या पार्ल्याचे रहिवासी, त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ लिहिले. १९७२ च्या डिसेंबरात जब्बार पटेलांनी ते पुण्यात उभे केले, भास्कर चंदावरकरांचे संगीत घेऊन. त्या नाटकात माणसांची एक भिंत डुलते, गाते, नाचते. भजनाचा, कीर्तनाचा तो ठेका आपल्या रक्तातला आहे. तो सुरू झाला की अंगावर लहर उठतेच. आणि ती लहर उठत असतानाच आपल्या ध्यानात येते, की ही भिंत कशासाठी उभी आहे. तिच्यामागे काय चालले आहे. एक बाप आपली मुलगी कोणत्या मोलाने देऊन बसला आहे. आपण ठेका धरलेला असतो, आणि तो पाप झाकणाऱ्यांबरोबर धरलेला असतो. माझ्या मते त्या नाटकाचे मोठेपण या एका गोष्टीत आहे: ते आधी काटा आणते आणि मग त्या काट्याचीच शरम वाटायला लावते. हजारो कंठांतून एकदम उठलेली घोषणा ऐकून, ढोलांच्या दणदणाटाने, मिरवणुकीतल्या मशालींनी अंगावर काटा येतो. घोषणा न्यायाची आहे की अन्यायाची हे तो स्नायू विचारीत नाही. ‘अंगावर काटा आला, म्हणजे खरेच असले पाहिजे’ असे म्हणणारा माणूस मला नुसता भाबडा वाटत नाही; तो धोक्याचा वाटतो.

या सगळ्याचे सार, मला वाटते, विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात सांगून ठेवले आहे. टाकून दिलेली सीता बारा वर्षांनी, अदृश्य रूपाने, पंचवटीत रामाजवळ येते. त्याचा स्पर्श होतो आणि तिच्या अंगावर घाम, रोमांच, कंप सारे एकदम उठते. शेजारी उभी असलेली तमसा तिला नव्या पावसाने भिजलेल्या, वाऱ्याने हललेल्या, कळ्या फुटलेल्या कदंबाच्या फांदीची उपमा देते. इंग्रजांना अशा वेळी पिसे उपटलेला हंस आठवतो, फ्रेंचांना कोंबडी. भवभूतीला कदंब आठवला! पण त्याचे खरे कवित्व पुढे आहे. सीता शरमते. अंग आपल्या ताब्यात राहिले नाही याची तिला लाज वाटते. ज्याने असे टाकले त्याच्यावर अजून अशी आसक्ती, हे पाहून तमसा काय म्हणेल असे तिच्या मनात येते. अंगाने क्षमा केली आहे. मानाचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. अंग खोटे बोलले काय? मुळीच नाही. प्रेम होते, आणि काट्याने ते खरेखरे सांगितले. परंतु त्यामुळे रामाने केले ते योग्य ठरले काय? तेही नाही. काटा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदार कितीही सच्चा असला, तरी न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्याला बसविता येत नाही.

त्या मुलीला मी हेच सांगितले, आणि आणखी एक गोष्ट सांगितली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी किती वेळा वाचली याची गणती नाही. त्यात घर सुटते, माणसे मरतात, धर्मांतराने संसार दुभंगतो; आणि बाई हे सारे अशा सरळ, मिस्किल आवाजात सांगतात, की काट्याला उठायला सवडच मिळत नाही. हसता हसता पान उलटावे आणि चार दिवसांनी भाजी निवडताना, गाडीची वाट पाहताना एकदम डोळे भरून यावेत, असे ते पुस्तक आहे. काट्यावर तोलले तर त्याचे वजन शून्य भरेल. तेव्हा तोलण्याचे साधन अपुरे म्हणायचे, की पुस्तक हलके म्हणायचे? काही माणसांच्या अंगावर काटा सहज येतो, काहींच्या येतच नाही. पण म्हणून ज्यांच्या अंगावर तो येत नाही त्यांच्या मनावर काही उमटत नाही असे नव्हे. धृतराष्ट्र काटा न आल्यामुळे अरसिक ठरत नाही. ऐकण्याजोगे असताना त्याने मन दिले नाही, म्हणून ठरतो. तिने मन दिले होते. तीन आठवड्यांनंतरही ती त्या नाटकातल्या एका दुय्यम पात्राविषयी अडून अडून प्रश्न विचारीत होती. याहून रसिकता ती आणखी कोणती?

शेवटी, ज्या स्नायूपासून आरंभ केला त्याच्याविषयीची एक नवी वार्ता सांगतो. हा स्नायू आता निरुपयोगी, पूर्वजांची नुसती आठवण, असेच आजवर मानीत आले. २०२० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या आणि तैवानमधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की हा स्नायू अनुकंपी तंत्रिकेला केसाच्या मुळाशी असलेल्या मूळपेशींपर्यंत नेऊन पोहोचवितो. त्याच्या आधारावाचून तंत्रिकेची आणि पेशींची गाठ राहत नाही. थंडी क्षणभराची असेल तर केस नुसते उभे राहतात. ती टिकून राहिली, तर त्याच वाटेने मुळाशी निरोप जातो आणि नवा केस उगवू लागतो. काटा हे वर दिसणारे लक्षण. खरे काम खाली, मुळाशी, सावकाश चालते.

यंदाच्या दिवाळीत घरोघरी अंक उघडले जातील, सुटीत नाटके पाहिली जातील, आणि फराळाच्या ताटांवरून मते मांडली जातील. कोणी म्हणाले, ‘काटा आला’, तर त्याचे बोलणे खोडून काढू नये. अंगाने दिलेली साक्ष मानाने ऐकून घ्यावी. फक्त त्याला पुढचे विचारावे: कुठल्या वाक्याला आला? दुसऱ्यांदा आला का? आणि तो ओसरल्यावर तुमच्यात नवे काय उगवले? वाण्याच्या दुकानात आपण काट्यावर लक्ष ठेवतो, आणि पारड्यात काय पडते आहे तेही पाहतो. पुस्तकाच्या दुकानात तेवढी हुशारी ठेवली, तरी पुष्कळ झाले.